लेकरांना तारीख देऊ नका

(वर्षावासानिमित्त विहारात भरलेल्या पालकसभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



आज मी कायद्यावर बोलावे अशी चालकांची सूचना आहे. कायद्यावर मी बोलणार आहेच. परंतु त्यापूर्वी माझ्या स्वतःच्या घरातील एक हकीकत आपणांपुढे ठेवतो. तीत चूक माझी आहे, म्हणून ती सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. एका वसतिगृहातील विद्यार्थ्यांची रखडलेली शिष्यवृत्ती मिळावी म्हणून आम्ही काही मंडळी त्या दिवसांत खटपट करीत होतो. दिवसा कोर्ट, सायंकाळी सभा आणि रात्री अर्जांचे मसुदे असा माझा क्रम होता. मुलगी दाराशी येई आणि म्हणे, "बाबा, एक सांगायचं आहे." मी मान वर न करताच "उद्या" म्हणे. असे आठ दिवस गेले. शेवटी ती आईला म्हणाली, "कोर्टात लोकांना तारीख मिळते ना? तशी बाबांकडून मला एक तारीख घेऊन दे."

बंधूंनो, इतक्या वर्षांच्या वकिलीत माझ्यावर असा ठपका कोणी ठेवला नव्हता.

मग हकीकत कळली. तिच्या शाळेत मुलींना सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते. तिचे अर्ज भरून घेताना शिक्षकांनी भर वर्गात त्या मुलींना उभे केले. पाच मुली उभ्या राहिल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी "फुकट्या" म्हणाले, वर्ग हसला आणि शिक्षक गप्प राहिले. इकडे मी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी झगडत होतो, आणि तिकडे माझे लेकरू त्याच शिष्यवृत्तीच्या नावाने मान खाली घालून शाळेत जात होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, आधी आपले घर पाहावे, समाजाचे काम नंतर. तो निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या दिवशी आपण केवळ आपल्या दाराआडच्या सुखाचा विचार करू लागू, त्या दिवशी आपली लेकरे पुन्हा एकटी पडतील. माझ्या मुलीचा अपमान घरात झाला नव्हता, तो शाळेत झाला होता. शाळा सुधारल्याखेरीज केवळ घरातील मायेने तो पुसला जाणार नव्हता. तेव्हा घर की समाज, असा हा प्रश्न नाही. अन्यायाची पहिली तक्रार ज्या न्यायालयात येते, ते न्यायालय म्हणजे आपले घर, आणि ते उघडे असते की बंद, हा खरा प्रश्न आहे.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, "बाबासाहेबांनी तरी संसार कोठे पाहिला?" हा दाखला देण्यापूर्वी विचार करा. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनमध्ये अभ्यास करीत होते, आणि मुंबईत रमाई हालअपेष्टांत दिवस काढीत होत्या. त्या दोघांनी आपली चार अपत्ये बालपणीच गमावली. तो त्याग दारिद्र्याने व परिस्थितीने त्यांच्यावर लादला होता, त्यांनी तो हौसेने केला नव्हता. आपल्या लेकरांवर ती पाळी येऊ नये म्हणूनच त्यांनी तो सोसला. आठ वाजता संपू शकणारी सभा आपण अकरापर्यंत लांबवावी आणि त्याला त्याग म्हणावे, हे योग्य नव्हे.

आता धम्माकडे पाहू. भगवान बुद्धांवर भिक्खुसंघाचा केवढा भार होता! तरीही ते बालवयातील राहुलाकडे स्वतः गेले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्याला दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याची योग्यता किती उरते हे त्यांनी समजावले. थट्टेतही खोटे बोलू नये, असे सांगितले. आरसा कशासाठी असतो हे विचारून, प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ती तपासून पाहण्यास शिकविले. लांबलचक प्रवचन न करता समोरचे भांडे आणि रोजचा आरसा घेऊन त्यांनी हे शिक्षण दिले. आपल्या घरी भांडेही आहे, आरसाही आहे. उणीव आहे ती बसून बोलण्याची.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या व कला शिकवावी, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि यथाकाल वारसा त्यांच्या स्वाधीन करावा. या शेवटच्या कर्तव्याविषयी वकील म्हणून मला थोडे बोललेच पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरीही भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांतील भाऊ बहिणीला घेऊन माझ्या कचेरीत येतात आणि म्हणतात, "हक्कसोडपत्र करून द्या." बहीण खाली मान घालून बसलेली असते. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या तसबिरीला त्या घरात काय वाटत असेल?

भगिनींच्या वतीनेही एक गोष्ट सांगतो. आपण पुरुष सभेला जातो तेव्हा घरी अभ्यास कोण घेते, भाकरी कोण थापते? मुलगा खेळायला आणि मुलगी भांडी घासायला, ही वाटणी कोणी ठरविली? सर्व माणसे समान आहेत, अशी प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली आहे. ती पाळली जाते की नाही, हे लेकरू प्रथम स्वयंपाकघरात पाहते. पत्नीच्या व मुलीच्या श्रमावर चालणारी समतेची चळवळ त्याला पटणार नाही. म्हणून ताटे मुलानेही उचलावीत, आणि एखाद्या सभेला आईने जावे व बापाने घरी बसावे.

आता मी पुढे काय केले ते सांगतो. मुलीने एक अट घातली : "वकील म्हणून येऊ नका, बाबा म्हणून या." मी तिच्या आईसह गेलो. उरलेल्या चार मुलींच्या पालकांनाही बरोबर घेतले. मुख्याध्यापकांना शांतपणे सांगितले की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम मुलांना मारण्यास जशी मनाई करते, तशीच मानसिक छळासही करते. त्यांनी ते ऐकून घेतले. तेव्हापासून अर्ज पालकांच्या हाती दिले जातात, वर्गात कोणाला उभे करीत नाहीत. तक्रारअर्जाचा मसुदा माझ्या खिशात होता, तो काढावा लागला नाही. पण तो खिशात होता, हेही सांगून ठेवतो.

याच कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी किती आईबाप या समितीवर आहेत? तिच्या बैठकीस जाणे हे मुलाचे संगोपनही आहे आणि समाजाचे कामही.

त्या रात्री मी मुलीला शिष्यवृत्तीचा इतिहास सांगितला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. धर्मांतरानंतर आपल्या लोकांच्या केंद्राच्या सवलती तुटल्या, आणि १९९० साली कायदा बदलेपर्यंत बौद्धांना त्यांसाठी झगडावे लागले. मी म्हटले, "ही भीक नाही. ज्यांना शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले, त्यांचे हे देणे आहे." तिने विचारले, "मग हे त्या हसणाऱ्या मुलांना कोण सांगणार?" मी म्हटले, "तुला वाटेल तेव्हा तू सांग. नाही सांगितलेस तरी चालेल." अन्यायाची ओळख मुलांना द्यावी, पण आपल्या जखमांचे ओझे त्यांच्या दप्तरात भरू नये. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर बसावे लागले हे सांगा, आणि त्या गोणपाटावर बसून ते किती शिकले हेही तितक्याच आवर्जून सांगा.

तेव्हा माझे आपणांस इतकेच मागणे आहे. रोज रात्री अर्धा तास घरातील सर्वांनी एकत्र बसावे. "आज शाळेत काय झाले?" एवढेच विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. तेथे मुलगा व मुलगी दोघांनाही सारखे बोलू द्यावे. सभा असेल त्या दिवशी मुलांना खरे कारण सांगावे, परतण्याची वेळ सांगावी आणि ती पाळावी. दिलेला शब्द मोडणे हेही राहुलाच्या भांड्यातील पाणी सांडण्यासारखेच आहे.

कोर्टात तारखा पडतात, त्या माझ्या हाती नाहीत. घरातल्या तारखा मात्र मी बंद केल्या आहेत. आपणही कराव्यात, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम!