आधी कॉशन ऑर्डर, मग कुलूप
(उत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी रुळांवर काम करणारा माणूस, तेव्हा उदाहरणही तिथलेच देतो. रुळाचे काम चालू असले की लोको पायलटला कॉशन ऑर्डर मिळते : कुठून कुठपर्यंत, ताशी किती वेग. मधेच अचानक गाडी अडवत नाहीत.

घरी मात्र मी हे विसरलो. मुलाच्या फोनवर गूगलचे फॅमिली लिंक बसवले. हे अ‍ॅप फुकट आहे. त्याचे खाते आपल्या खात्याला जोडायचे. दिवसाला एक तास, रात्री साडेनऊला कुलूप, नवे अ‍ॅप माझ्या परवानगीनेच. हे सारे मी एकट्याने ठरवले. दुसऱ्याच दिवशी गृहपाठ पाहताना फोन बंद पडला. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री माझ्याच फोनवर खेळताना सापडले. कुलूप त्याच्या फोनला, माझा उघडाच!

मग आम्ही तिघे बसलो. वेळा त्यानेच कागदावर लिहिल्या. अभ्यासाच्या अ‍ॅपला मर्यादेतून सूट दिली. तशी सोय त्यात आहे. त्याने एकच अट घातली : "बाबा, साडेनऊनंतर तुमचाही फोन कपाटात." मान्य करावेच लागले. आता कंट्रोलचा फोन वाजला तरच हात लावतो.

पालकहो, कुलूप जरूर लावा. पण आधी मुलांना सांगा, आणि वेगमर्यादा आपणही पाळा.

गणपती बाप्पा मोरया!