नैसर्गिक म्हणून निर्धोक नव्हे



आपल्यापैकी कितीतरी जण भोसरी-चाकणच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये राबले. मीही त्यातलाच. कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा काय असतो, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी जो तो काहीतरी सुचवतो : अश्वगंधा घे, दुधात जायफळ घे; नैसर्गिक आहे, अपाय नाही.

अश्वगंधाने झोपेला थोडी मदत होते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण तिच्यामुळे थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. माझी थायरॉइडची गोळी सुरू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून मी ती टाळली. जायफळ चिमूटभर ठीक. चमचे भरून घेतलं तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो.

काही घ्यायचंच असेल तर डब्यावर परवाना क्रमांक बघा, एका वेळी एकच घ्या आणि चालू औषधं डॉक्टरांना सांगा.

पण त्याआधी थकव्याचं कारण शोधा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर तपासा. मोठं घोरणं असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल, तर त्यावर कुठलीही पुडी चालत नाही.

नाईट करणाऱ्यांनी पहाटेचा चहा टाळावा, दिवसा खोलीत गडद पडदा लावावा. आणि डोळे मिटत असताना नाशिक हायवेवर गाडी काढू नका. कंपनीच्या बसने घरी या.

पुढच्या मेळाव्याला सगळे हवे आहात.