‘तुम्ही कुठले?’

मी मूळचा नागपूरचा, पण नोकरीसाठी गुरुग्रामला येऊन अठरा वर्षं झाली. त्यामुळे ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं असतात. त्यातलं सोयीचं उत्तर मी एकदा कसं दिलं, ते आज सांगतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोलकात्याहून नदीवरच्या क्रूझने मुर्शिदाबादला गेलो. हुगळीतून वर जायचं. पुढे तिलाच भागीरथी म्हणतात. काठावर हजारदुआरी राजवाडा आहे. नवाब हुमायून जाह यांनी तो १८२९ ते १८३७ या काळात बांधला. नावाप्रमाणे दारं हजार, पण त्यातली शंभरेक खोटी, नुसती दिसायला. बांधला तेव्हा खरी सत्ता कंपनीकडे होती.

राजवाडा पाहून होडीने पलीकडे खुशबागेत गेलो. तिथे नवाब अलिवर्दी खान आणि त्यांचा नातू सिराजउद्दौला यांच्या कबरी आहेत. गाइड म्हणाला, ‘‘अलिवर्दींची दहा वर्षं बर्गींशी लढण्यात गेली. आमच्याकडे आजही मूल झोपलं नाही की आई बर्गींची अंगाई म्हणते.’’ पाखरांनी धान खाल्लं, आता बर्गींना पैसे कुठून द्यायचे, अशी त्या अंगाईतली काळजी.

बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याला घोडा सरकारातून मिळे तो स्वार. स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. ही फौज नागपूरच्या रघुजी भोसल्यांची. १७४२ मध्ये तिने मुर्शिदाबादेत जगतशेठांची कोठी लुटली. १७४४ मध्ये सेनापती भास्करराम कोल्हटकरांना बोलणीसाठी बोलावून अलिवर्दींनी मारलं. शेवटी १७५१ चा तह झाला : वर्षाला बारा लाख चौथाई. लहानपणी मी हे सगळं पराक्रम म्हणून ऐकलं होतं. दगा तेवढा त्यांचा. अंगाई कुणी सांगितली नव्हती.

तेवढ्यात गाइडने विचारलं, ‘‘आपण कुठले?’’

मी म्हणालो, ‘‘गुरुग्राम.’’

बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

परतताना होडीत मला राहवेना. म्हटलं, ‘‘दादा, मी नागपूरचा. रघुजींच्या गावचा.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘मग काय झालं? नवाबाची माणसंही वसुलीला यायचीच. शेतकऱ्याला दोन्हीकडून द्यावंच लागायचं.’’

मंडळी, मला रघुजींचा अभिमान आजही आहे. पण दुसऱ्याच्या गावात राजवाडा पाहायला गेलो, तर तिथे आपलंही नाव निघू शकतं, आणि ते आपल्याला आवडेल असंच निघेल असं नाही. आता कुणी विचारलं तर मी आधी ‘नागपूर’ सांगतो. आणि पुढचं ऐकून घेतो.