साथीला कोण बसणार?



संगीत शिकवून संसार चालवणाऱ्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, त्याबद्दल मी ऋणी आहे. मिरजकरांनी व्यवस्था चोख ठेवली आहे आणि दुपारच्या जेवणाबद्दल दुमत असेल असं वाटत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात बोलायला उभं राहायचं तर थोडं दडपण येतं. ते आलं, आता गेलं.

‘विद्यापीठातील संगीतशिक्षण : सद्यस्थिती आणि व्यवसायाच्या संधी’ या विषयाचा आढावा घ्यावा, असं कार्यवाहांनी पत्रात कळवलं होतं. घेतो. बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली. पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय १९०१ साली लाहोरला उघडलं. भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्यात अखिल भारतीय परिषद भरवली आणि दहा वर्षांत लखनौला कॉलेज उभं राहिलं. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक ते अलंकार ही शिडी आपण सगळेच चढलो आहोत. पुढे बनारसला ओंकारनाथ ठाकूर आले, १९५६ साली खैरागडला संगीताचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राला अशोक रानड्यांसारखा विचार करणारा माणूस मिळाला, १९८७ साली पुण्याला ललित कला केंद्र निघालं. हा इतिहास तुम्हीच दरवर्षी मुलांना टिपणं काढून देता, तेव्हा पुढे जातो.

संधींचंही तेच. शाळेत संगीतशिक्षक, स्वतःचा क्लास, आकाशवाणी, ध्वनिमुद्रण, संगीतोपचार, संशोधन, वृत्तपत्रातली समीक्षा, परदेशातल्या मुलांची ऑनलाइन शिकवणी. ही यादी प्रत्येक विभागाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर असते. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या मोठ्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. त्या अर्धवेळाच्या पगारात घर चालवणारा निदेशक मला कुणी दाखवला तर मी त्याचा सत्कार करीन. दहावीच्या वाढीव गुणांसाठी क्लासला येणारी मुलं हा सध्या आपल्यापैकी पुष्कळांचा खरा आधार आहे, हे आपण एकमेकांत मान्य करतो, माहितीपत्रकात छापत नाही. आढावा संपला.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. त्या यादीत एक शब्द कधीच नसतो. साथ. ज्या कामावर आपले निम्म्याहून अधिक वादक-विद्यार्थी पुढे जगतात, ते काम आपण पदवीत शिकवत नाही. कुठे कुठे आहे, पण तोंडी लावण्यापुरतं. तबल्याचा विद्यार्थी तीन वर्षं काय वाजवतो? पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार. लेहऱ्याला मशीन, समोर परीक्षक, बाहेर कुणी नाही. आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर आयुष्यभर काय वाजवतो? दुसऱ्याचा ठेका. गायनाची मुलगी मोबाइलमधल्या तबल्यावर रियाज करते आणि परीक्षेच्या दिवशी ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा तबलजीसमोर गायला बसते. सगळ्यांना नवरदेव व्हायला शिकवायचं आणि वऱ्हाडात कुणीच नाही, असं हे आपलं शिक्षण आहे.

काल सकाळच्या परिसंवादात साथीच्या यंत्राच्या बाजूनं आणि विरुद्ध बरंच बोललं गेलं. मशीन सुरात असतं, लय सोडत नाही, मानधन मागत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी एकदा एका परीक्षेला परीक्षक होतो. तबलजी आला नव्हता, म्हणून मशीन लावलं. मुलगी चांगली गाणारी, विलंबित एकताल. आलाप करता करता तिची एक मात्रा सरकली. सम आली ती तिच्यासाठी आली, मशीनची अजून यायची होती. मशीन आपलं धिन धिन करत पुढे गेलं. माणूस असता तर त्यानं एखादा मुखडा जोरात उचलून तिला समेवर आणलं असतं, श्रोत्यांना कळलंही नसतं. ती रडकुंडीला आली, ताल चुकला म्हणून माझ्या सहपरीक्षकानं गुण कापले. मशीन ऐकत नाही, हा माझा आक्षेप आहे. ते नीट वाजतं की नाही, हा प्रश्नच नाही. त्या वादावर मला यापेक्षा जास्त बोलायचं नाही.

दुसरा वाद गुरुकुल की विद्यापीठ. हा माझ्या तरुणपणी होता, माझ्या नातवंडांच्या वेळीही असेल. घराण्याच्या गुपितांबद्दल फार बोललं जातं. माझ्या गुरुजींकडे दुपारी तीन वाजता गाणाऱ्या मुली यायच्या, गल्लीतला एक तबलजी यायचा आणि गुरुजी मला फक्त म्हणायचे, ‘बस रे.’ त्या ‘बस रे’मध्ये माझं निम्मं शिक्षण झालं. कुठली मुलगी कुठे श्वास घेते, कुणाला स्वर आधी हवा असतो आणि कुणाला मागून, कुणाच्या तानेच्या मध्ये बोट लावलं की ती भडकते, हे मला तिथे कळलं. गुरुकुलातून विद्यापीठानं उचलायचं होतं ते हे. आपण काय उचललं? गुरुपौर्णिमा.

मी पेटी वाजवतो, पण पेटीवाल्याची तक्रार म्हणून हे सोडून देऊ नका. पेटीला या देशात सरकारनंच बाहेर काढलेलं होतं. १९४० साली आकाशवाणीनं संवादिनीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. श्रुती वाजत नाहीत, मींड निघत नाही, परदेशी वाद्य, असे आक्षेप होते. त्यातले पहिले दोन मला मान्य आहेत. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर येत नाही, तिथे बोट उचलायचं असतं. मारव्यात गायक षड्ज टाळून खेळतो, तेव्हा त्याला मदत म्हणून तुम्ही षड्ज दाबलात तर राग तिथेच मेला. हे बोट उचलणं, हे गप्प राहणं शिकवावं लागतं. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत. तोच माणूस ‘मानापमान’ला चाली देतो आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राची भूमिका करतो. साथीला बसला म्हणून तो लहान झाला नाही. अहमदजान थिरकवांसारखा तबलिया गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरून बसे आणि पुढे लखनौच्या कॉलेजात शिकवायला गेला. एकल वादनात त्यांची बरोबरी कोण करणार? आणि तरी त्या नाटकांना जाऊन आलेली माणसं सांगायची ती त्यांच्या ठेक्याबद्दल.

मी स्वतः एका विद्यापीठात लागलो तो ‘साथीदार’ या पदावर. शिक्षकेतर कर्मचारी. हजेरीपटावर माझं नाव प्रयोगशाळा परिचरांच्या खाली. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वाजवायचं, दुपारी एम.ए.च्या. त्यांची पट्टी बदलली की माझी बदलायची, त्यांचा राग चुकला की मी पेटीवरून हळूच दाखवायचा. वर्गात शिक्षक नसले तरी मी असायचो. तरी विभागाच्या बैठकीला मी बसायचो नाही. चहा आत न्यायचो आणि बाहेर यायचो. पुढे मी त्याच विभागात शिक्षक झालो, ते एम.ए., नेट असं सगळं रीतसर पार करून. पण साथीदाराचं पद आजही पुष्कळ ठिकाणी तिथेच आहे.

प्राध्यापक नेमताना पीएच.डी. की कलाकार, हा तिसरा वाद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत व्यावसायिक कलाकारासाठी वेगळी वाट आहे: नामवंत गुरूकडे शिक्षण, आकाशवाणीची ‘अ’ श्रेणी, विषय समजावून सांगण्याची कुवत. छान. एका निवड समितीत विषयतज्ज्ञ म्हणून मी बसलो होतो. उमेदवार तबलजी होता. मोठमोठ्या गायकांना वर्षानुवर्षं साथ केलेली, ध्वनिमुद्रिकांवर नाव. अध्यक्षांनी विचारलं, ‘तुमचे स्वतःचे कार्यक्रम किती?’ तो गडबडला. म्हणाला, ‘सर, स्वतःचे म्हणजे?’ त्याला तो प्रश्नच कळला नाही. त्याच्या मते ते सगळे कार्यक्रम त्याचेच होते. त्याची निवड झाली नाही. ज्याची झाली त्याच्याकडे तालशास्त्रावरचा प्रबंध होता, आणि पहिल्याच वार्षिक समारंभाला बाहेरून तबलजी बोलवावा लागला. तेव्हा पीएच.डी. की कलाकार, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कलाकार म्हटलं तरी समितीच्या डोळ्यांपुढे मधोमध बसलेला माणूसच येतो.

परदेशाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लवकर पटतं, म्हणून देतो. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत साथीच्या पियानोची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे आणि त्यात डॉक्टरेटही करता येते. गायकाबरोबर, व्हायोलिनबरोबर वाजवायचं कसं, भाषा येत नसली तरी शब्दांचा श्वास ओळखायचा कसा, हे तिथे रीतसर शिकवतात. जेरल्ड मूर नावाच्या इंग्रज पियानोवादकानं जन्मभर साथ केली आणि १९६२ साली आत्मचरित्र लिहिलं. त्याचं शीर्षकच ‘मी फार मोठ्यानं वाजवतोय का?’ असं आहे. आपल्याकडे साथीदाराचं आत्मचरित्र लिहायचं तर ‘मला ऐकू येतंय का?’ असं म्हणावं लागेल. मॉनिटर स्पीकर नेहमी गायकाकडे तोंड करून असतो.

आमच्या विभागातून पहिल्या वर्गात पास झालेला एक मुलगा होता. एकल वादनाला हात गोड. बाहेर पडल्यावर त्याला नाट्यसंगीताचा पहिला कार्यक्रम मिळाला. हा एकच तबला घेऊन गेला, काळी एकचा. बाई काळी पाचला गाणाऱ्या. आयत्या वेळी दुसरा तबला शोधण्यात अर्धा तास गेला. मग पदाला त्यानं असे काही तुकडे घातले की बाईंनी मध्येच थांबून, माईक बाजूला करून, हात जोडले. त्याला पुन्हा बोलावलं नाही. आता तो विमा कंपनीत आहे आणि रविवारी वाजवतो. दोष त्याचा नव्हता. त्याला कायदा शिकवणाऱ्या आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं की ठुमरीत लग्गी कधी सोडायची, भजनाचा ठेका मैफलीच्या ठेक्यापेक्षा जड का असतो, गायिकेची पट्टी आदल्या दिवशी फोन करून विचारायची असते आणि मानधन आधी ठरवायचं असतं. कथ्थकच्या क्लासला रोज तबलजी लागतो. पुण्या-मुंबईत किती क्लास आहेत पाहा. तिथे पढंत ऐकून वाजवणारी मुलं मिळत नाहीत म्हणून बाया रेकॉर्डिंगवर नाचवतात. काम आहे, माणूस नाही, आणि आपण इथे बसून संधी नाहीत म्हणतो.

आकाशवाणीच्या वादकांची पदं रिकामी होतात आणि तशीच राहतात, हे मला ठाऊक आहे. त्यावर ठराव करा, मी सही करतो. पण त्या जागा उद्या भरायच्या ठरल्या तर अर्ज करण्याजोगे किती विद्यार्थी आपण तयार केले आहेत, हे प्रत्येकानं आपापल्या विभागात जाऊन बघावं.

अध्यक्षानं काही सुचवावं अशी रीत आहे, म्हणून सुचवतो. गायन, तबला आणि संवादिनीच्या मुलांचा आठवड्यातला काही वेळ एकाच खोलीत जावा. परीक्षेला बाहेरचा तबलजी नको. वर्गातलाच विद्यार्थी बसवा आणि गुण दोघांना द्या. साथीदाराचं पद शिक्षकवर्गात यावं. अभ्यासक्रमाचा मसुदा करण्यासाठी एक छोटी समिती नेमावी. ती दिवाळीनंतर कधीतरी बसेल. समितीत कोण, हे नवी कार्यकारिणी ठरवील. मसुद्यात श्रेयांक किती, तास किती, हे मला विचारू नका. माझी त्यात गती नाही आणि नव्या शैक्षणिक धोरणात ते दर वर्षी बदलतं. फक्त त्या समितीत गायक बहुसंख्य असू नयेत एवढं पाहा.

एक राहिलं. रात्रीच्या मैफलीची पत्रिका माझ्या हातात आहे. गायिकेचं नाव आहे, फोटो आहे, पदव्या आणि पुरस्कार आहेत. खाली लिहिलं आहे : साथसंगत, स्थानिक कलाकार. ते दोघे स्थानिक कलाकार मघाशी जेवायला माझ्याच शेजारी होते. त्यांची नावं एका कागदावर लिहून मी निवेदकांकडे दिली आहेत. पडदा उघडल्यावर आधी ती वाचावीत, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांची पाकिटं गायिकेच्या पाकिटाबरोबरच, व्यासपीठावर द्यावीत. मागच्या दारानं नकोत. कार्यवाहांची याला हरकत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावं, म्हणजे मला भाषण आणखी थोडं लांबवता येईल.