खेळाडूची विद्या पुढे कोठे जाते?

(परंडा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते. पस्तिशी उलटली की पाय जड होऊ लागतात. मग इतक्या वर्षांच्या श्रमाने मिळविलेल्या विद्येचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

पुण्याचे टेनिसपटू श्री. नंदन बाळ हे १९८० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिस चषक स्पर्धेत भारताकडून खेळले. स्पर्धा सोडल्यावर ते प्रशिक्षक झाले व भारतीय संघालाही त्यांनी अनेक वर्षे मार्गदर्शन केले. निवृत्तीनंतरही खेळाची सेवा करणाऱ्यांसाठी तेव्हा असलेला ध्यानचंद पुरस्कार त्यांस २०२० साली मिळाला.

आपण म्हणाल, परंड्याच्या खेड्यापाड्यांत टेनिसचे मैदान कोठून आणावे? त्याची गरज नाही. त्याच वर्षी आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या कन्येस, श्रीमती सारिका काळे यांस, खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. पूर्वी कित्येक वर्षे आपण एकवेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनीच सांगितले आहे. घरच्या विवंचनेपायी त्यांनी खेळ सोडण्याचेही ठरविले होते. तेव्हा प्रशिक्षक श्री. चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे तुळजापूर येथे त्या क्रीडा अधिकारी झाल्या.

यातून आपण काय घ्यावे? डाव शिकविणारे पुष्कळ भेटतात. मैदानावर न दिसलेल्या मुलीची चौकशी करणारा विरळा. ते काम शिक्षकाचे आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. खेळाची तासिका गणितास देऊ नये. खो-खोस दोन खांब व सपाट जागा पुरते. खेळाची हजेरी निराळी ठेवावी, आणि आठवडाभर न दिसलेल्या मुलाच्या घरी जावे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलास पहिल्याच दिवशी खेळात घ्यावे. तिसरी गोष्ट, गावातील जुन्या खेळाडूस, मग तो कबड्डीचा असो वा तालमीतील पहिलवान, आठवड्यातून एकदा शाळेत मानाने बोलवावे. त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपू देऊ नये.

खो-खोत आठ गडी बसतात व नववा धावतो. पाठीवर खो मिळाल्यावाचून बसलेला उठत नाही. आपल्या वर्गातही कोणी तरी त्या खोची वाट पाहत बसलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.