लहान पेटी आणि वऱ्हाडचे ऊन



विजेची कथा बाळापूरकरांना नवी नाही. पारसचे औष्णिक केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. तेथून निघणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करीत येते. सौर पत्र्याची वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तिला घरच्या विजेचे वळण लावणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. ही पेटी किती लहान करता येईल?

२०१४ साली गूगल कंपनी आणि विद्युत अभियंत्यांची 'आयईईई' ही संस्था यांनी यासाठी दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले. शक्ती २ किलोवॅट, आकारमान सुमारे ६५५ घनसेंटिमीटरांच्या आत, आणि पेटीचे अंग ६० अंशांपलीकडे तापता कामा नये, अशा अटी होत्या.

पहिली अडचण साठवणीची. घराकडे जाणारी शक्ती सेकंदातून १०० वेळा शून्यावर येते आणि तितक्याच वेळा सरासरीच्या दुपटीवर चढते. पत्रा मात्र ती एकसारखी देतो. मधला फरक सांभाळणारा हौद म्हणजे कपॅसिटर. तोच जागा अडवतो. अभियंत्यांनी युक्ती काढली: मोठ्या हौदात पाणी बोटभर हलविण्यापेक्षा लहान हौद पुष्कळसा उपसावा आणि पुन्हा काठोकाठ भरावा.

दुसरी अडचण वेटोळ्यांची. आतली बटणे जितकी जलद उघडझाप करतील तितकी वेटोळी लहान होतात. पण प्रत्येक उघडझापीत थोडी वीज जळते. गॅलियम नायट्राइडच्या बटणांनी ती जळती पुष्कळ कमी केली.

तिसरी अडचण उष्णतेची. शंभरातले ९५ भाग पदरात पडले, तरी २००० वॅटमागे सुमारे १०० वॅट उष्णता होतेच. पेटी लहान, म्हणजे ती बाहेर टाकणारे अंगही लहान.

२०१६ साली बेल्जियमच्या 'सीई प्लस टी पॉवर'च्या चमूने बक्षीस जिंकले. त्यांची पेटी सुमारे २३० घनसेंटिमीटरांची होती. मागितली होती त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची!

पण मंडळी, आपला प्रश्न येथेच सुरू होतो. भोवतालची हवा ३० अंश असेल, तर ६० अंशांच्या पेटीला उष्णता सोडायला ३० अंशांचा उतार मिळतो. आपल्या वैशाखात हवा ४५ अंशांवर जाते. उतार उरतो १५ अंशांचा, म्हणजे निम्मा. आणि शेतकऱ्याला पंपासाठी वीज हवी असते ती नेमकी तेव्हाच!

म्हणून लहान पेटीचे कौतुक जरूर करावे, पण विकत घेताना विचारावे, "४५ अंशांत ही किती भार उचलेल?" आणि घरी आणल्यावर ती सावलीत, चहूबाजूंनी वारा लागेल अशी टांगावी. आम्हा अभियंत्यांची परीक्षा प्रयोगशाळेत सुरू होते. तिचा निकाल वऱ्हाडच्या उन्हात लागतो.