सहा मैलांचा कालवा



विज्ञानावर बोलण्याचा आम्हांला अधिकार तो कोणता? शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गोदीच्या गेटावर आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तरी उभे राहिलो आहोत, ते हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

दोन वर्षांपूर्वी गेटसभा आटोपल्यावर एका तरुण कामगाराने मोबाईलवरची चित्रफीत आमच्यापुढे धरली. "दादा, पृथ्वी गोल असती तर समुद्राचं पाणी वाकलेलं दिसलं नसतं? सपाट आहे सगळं." आम्ही चारचौघांत मोठ्याने हसलो. त्यानंतर तो पोरगा युनियनच्या कचेरीकडे फिरकला नाही.

मनाला ते लागून राहिले. या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि इंग्लंडातल्या एका कालव्याची हकीकत सापडली. नॉरफोक परगण्यात ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा आहे. सहा मैल रेघ ओढल्यासारखा सरळ. १८३८ साली सॅम्युएल रोबॉथम नावाचा गृहस्थ त्या पाण्यात उतरला. पाण्यापासून अवघ्या आठ इंचांवर दुर्बीण धरून त्याने दूर जाणाऱ्या होडीचे निशाण सहा मैलांपर्यंत पाहिले. पृथ्वी गोल असेल तर ते पाण्याआड जायला हवे होते. गेले नाही, तेव्हा पृथ्वी सपाट! आम्ही म्हणतो, हा मनुष्य निदान पाण्यात उतरला, हे थोडे नव्हे. मात्र पाण्यालगतची हवा प्रकाशाचा किरण खाली वाकवते आणि आड गेलेली वस्तूही वर उचलून दाखवते, हे त्याने हिशेबात धरले नाही.

पुढे १८७० साली जॉन हॅम्पडेन या त्याच्या अनुयायाने ५०० पौंडांची पैज लावली, आणि ती आल्फ्रेड रसेल वॉलेसने उचलली. डार्विनबरोबर उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा तोच हा वॉलेस. चौदाव्या वर्षाच्या सुमारास याचीही शाळा सुटली होती, आणि भावाच्या हाताखाली जमीनमोजणी करीत तो वाढला. (हे वाचले तेव्हा आम्ही खुर्चीत जरा ताठ बसलो, हे कबूल करतो.)

मोजणीदाराची युक्ती पाहा. एका पुलावर दुर्बीण, सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर काळा पट्टा असलेले कापड, आणि बरोबर मध्ये खांबावर एक तबकडी. तिन्ही पाण्यापासून सारख्याच उंचीवर, सुमारे तेरा फूट. म्हणजे पाण्यालगतच्या फसव्या हवेतून वर. पाणी सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत दिसावीत. दिसले काय? मधली तबकडी वर आलेली. नुसत्या गोलाईचा हिशेब सहा फुटांचा. किरणाचे वाकणे वजा जाता पाचांच्या आसपास. दिसलेही तसेच.

हॅम्पडेनने दुर्बिणीला डोळाच लावला नाही. आपल्या पंचावर विश्वास आहे म्हणाला. त्याच्या पंचाने तेच दृश्य पाहिले आणि आपणच जिंकलो म्हणून सांगितले! वॉल्श या संपादकाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. त्यानंतर हॅम्पडेनने वॉलेसला वर्षानुवर्षे शिव्याशाप दिले, त्याच्या बायकोलाही धमकीचे पत्र पाठविले, त्यापायी तुरुंगातही गेला. शेवटी १८७६ साली कोर्टाने पैजेची रक्कम हॅम्पडेनला परत करायला लावली. त्या पैजेचा वॉलेसला जन्मभर पश्चात्ताप झाला.

आमच्या मते मोजणी चोख होती, चुकली ती पैज. उक्त्या कामाच्या मापाचे तंटे आम्ही पुष्कळ सोडविले आहेत. ज्याची अब्रू आणि पैसा दोन्ही काट्यावर चढले, तो मनुष्य काट्याकडे पाहत नाही, मग तो मालक असो की मजूर. आमच्या हसण्याने त्या पोराचे हेच झाले होते. त्याची अब्रू आम्हीच काट्यावर चढविली.

गेल्या कार्तिकात, पावसाळी हवा निवळल्यावर, आम्ही त्याच्या चाळीत गेलो. चुकलो म्हणालो आणि त्याला वरळीच्या किनाऱ्यावर घेऊन आलो. जवळ मागून आणलेली दुर्बीण होती. पाण्याच्या काठी उभ्या माणसाला समुद्राची कड पाच किलोमीटरांच्या आतच लागते. त्या कडेपलीकडे एक मालवाहू जहाज होते. वरचा मजला आणि डोलकाठी दिसत होती, खालचे पोट नव्हते. पोरगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "धुक्यानं झाकलं असेल, दादा."

आम्ही हसलो नाही. शंका वाजवी होती. पन्नास मीटर उंचीवरून हीच कड पंचवीस किलोमीटरांवर जाते, एवढेच त्याला सांगितले. धुके असेल तर वर चढूनही पोट दिसणार नाही. पाण्याची आड असेल तर दिसेल.

"चला टेकडीवर," तो म्हणाला, आणि दुर्बीण घेऊन आमच्यापुढे चालू लागला.